थांब म्हटलं तरी न थांबणारं यंत्र : एका हौशी प्रोग्रामरच्या रोजच्या कटकटी

(तिरोडा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी संगणकशास्त्राचा प्राध्यापक नाही. पोटासाठी मी राईस मिलमधल्या मोटारी, स्टार्टर, पॅनेल यांची देखभाल करतो. इथे समोर बसलेल्यांपैकी काही जणांच्या मिलमध्ये मी रात्री-बेरात्री येऊन गेलेलो आहे. संगणक ही माझी हौस. रात्री जेवण झालं की दोन तास मी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत बसतो. कोणी सांगितलेलं नाही, कोणी पैसे देत नाही, आणि घरात रोज एकच प्रश्न येतो, "झालं का तुमचं?" सात वर्षं झाली, अजून झालेलं नाही.

आयोजकांनी मला सांगितलं, या हौसेत तुम्हाला रोज काय त्रास होतो तेवढंच बोला, लोकांना समजेल असं बोला. म्हणून आज मी एका शाळेत झालेली माझी फजिती सांगणार आहे. ती समजली की या कामातली बहुतेक सगळी कटकट समजते.

खालच्या थराचं काम म्हणजे काय

आपण मोबाइलवर बोट लावतो आणि चित्र उघडतं. त्या बोटापासून चित्रापर्यंत प्रोग्रामचे अनेक थर असतात. सगळ्यांत वरचा थर आपल्याला दिसतो. सगळ्यांत खालचा थर थेट लोखंडाशी बोलतो, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, कीबोर्ड, पडदा यांच्याशी. मिलच्या भाषेत सांगायचं तर मालक बटण दाबतो आणि तांदूळ पडतो. पण बटणाच्या मागे कॉन्टॅक्टर आहे, ओव्हरलोड रिले आहे, मोटार आहे. वरच्या थरात काम करणारा बटणं बसवतो. माझ्यासारखा माणूस पॅनेलचं दार उघडून आत डोकं घालतो.

आपल्या मिलमधला कलर सॉर्टर पाहा. तांदळाचा दाणा खाली पडताना कॅमेरा त्याला पाहतो, काळा किंवा पिवळा असला की हवेचा झोत बरोबर त्याच दाण्यावर मारून त्याला बाजूला करतो. झोत थोडा उशिरा सुटला तर चांगला दाणा बाहेर जातो आणि खराब दाणा पोत्यात. त्या सॉर्टरच्या आत असाच खालच्या थराचा प्रोग्राम बसलेला असतो. तो चुकला तर स्क्रीनवर माफीनामा येत नाही, थेट माल खराब होतो.

आता साधा संगणक चालू केल्यावर काय होतं ते बघू. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये बायोस नावाचा कारखान्यातून भरून आलेला प्रोग्राम आधी जागा होतो. तो मेमरी तपासतो, कीबोर्ड तपासतो आणि मग डिस्कच्या किंवा पेन ड्राइव्हच्या अगदी पहिल्या तुकड्यातले ५१२ बाइट उचलून मेमरीत ठेवतो. त्या ५१२ मधले शेवटचे दोन बाइट ठरलेली खूण असतात, ५५ आणि एए. खूण दिसली की बायोस म्हणतो, बरं, आता घर तुमचं. आणि निघून जातो. पुढचं सगळं त्या उरलेल्या ५१० बाइटमधून सुरू करायचं. ५१० बाइट म्हणजे मराठीत धड एक मोठा परिच्छेदही मावत नाही. तेवढ्यात मशीनला सांगायचं असतं की उरलेला प्रोग्राम कुठे आहे, तो कसा वाचायचा आणि कुठे ठेवायचा. घर ताब्यात मिळतं, पण आत ना दिवा, ना पाणी, ना भांडी.

शाळेतली फजिती

एका शाळेतल्या गुरुजींनी मला बोलावलं. त्यांच्याकडे दहा-बारा जुने संगणक धूळ खात पडले होते. नवीन सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालत नव्हतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "माझी सिस्टीम चालेल. मुलांसमोर मशीन चालू करू आणि पडद्यावर आपल्या गावाचं नाव मराठीत आणून दाखवू." घरी मी ते शंभर वेळा चालवून पाहिलं होतं. पण कुठे? क्यूईएमयू नावाच्या प्रोग्रामवर. हा प्रोग्राम लॅपटॉपच्या आत एक खोटा संगणक उभा करतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. दर वेळी खरं मशीन बंद-चालू करायला नको म्हणून आम्ही सगळे तो वापरतो.

नववीचा वर्ग समोर बसलेला. पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. बायोसची अक्षरं आली, पडदा काळा झाला, आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. पुन्हा बायोस, पुन्हा काळा पडदा, पुन्हा सुरू. पाच मिनिटं हेच. मागच्या बाकावरून एक पोरगं म्हणालं, "सर, हे चालू होऊन होऊन बंद काहून होते?" वर्ग हसला. मीही हसलो. मशीन गोणीत गुंडाळून मोटरसायकलवर घरी आणलं. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले.

तीनदा चूक, मग अंधार

पहिली कटकट अशी की, मशीन काय झालं ते सांगतच नाही.

तुम्ही एखादं ॲप वापरता आणि ते कोलमडतं, तेव्हा एक पाटी येते, 'ॲप बंद झाले आहे'. ती पाटी कोण दाखवतं? खालचा थर. आता खालचा थरच कोलमडला तर पाटी कोण दाखवणार?

प्रोसेसरमध्ये याची सोय केलेली आहे. प्रोग्रामने काही भलतंच केलं, उदाहरणार्थ नसलेल्या जागी लिहायला गेला, तर प्रोसेसर काम थांबवतो आणि एका तक्त्यात बघतो की अशा प्रसंगी कोणाला बोलवायचं. तो तक्ता मीच भरून ठेवायचा असतो. समजा त्याने बोलावलेला माणूसही गडबडला, तर ती दुहेरी चूक. त्यासाठी तक्त्यात वेगळी नोंद असते. तीही नोंद बिघडलेली असली, तर ती तिहेरी चूक. त्यानंतर प्रोसेसर हात टेकतो, आणि मदरबोर्ड मशीन पहिल्यापासून सुरू करतो. तलाठ्याकडे तक्रार नेली, तो जागेवर नाही, तहसीलदाराकडे गेलो, तोही नाही, कलेक्टरचं दारही बंद. मग माणूस काय करेल? घरी परत येऊन पहिल्यापासून सुरू करेल. त्या वर्गात दर काही सेकंदांनी हेच होत होतं. पडदा काळा होऊन मशीन पुन्हा सुरू होणं म्हणजे तिन्ही दारं बंद. पण पहिली तक्रार काय होती, हे त्यातून कळत नाही. तक्रारीचा कागदच मधे हरवलेला असतो.

अर्धं-अर्धं तोडत जाणं

आता इथे माझा धंदा कामाला आला. मिलमध्ये लांब लाइनवर कुठेतरी शॉर्ट असला आणि मेन ट्रिप होत असली, तर वायरमन काय करतो? इंच इंच वायर तपासत बसत नाही. मधोमध लाइन तोडतो. ट्रिप थांबली तर दोष पुढच्या अर्ध्यात. तरीही ट्रिप होते तर दोष मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं.

माझा प्रोग्राम साधारण ४,००० ओळींचा. दर वेळी निम्मे केले तर १२ वेळांत एका ओळीवर येता येतं, कारण १ ला २ ने १२ वेळा गुणलं की ४,०९६ होतात. प्रोग्रामच्या मधोमध 'थांब' अशी आज्ञा टाकायची. मशीन थांबून राहिलं तर चूक पुढे, पुन्हा सुरू झालं तर चूक मागे. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दर खेपेला प्रोग्राम बदला, बांधा, पेन ड्राइव्हवर लिहा, लॅपटॉपवरून काढून जुन्या मशीनला लावा, चालू करा, बायोसची मेमरी तपासणी होईपर्यंत वाट पाहा. धानाचा हंगाम चालू, दिवसभर मिलमध्ये उभा. रात्री चार-पाच खेपा झाल्या की डोळे मिटायला लागत.

त्यातही पहिल्या रात्री सगळी मेहनत वाया गेली. कारण 'थांब' म्हटलं तरी मशीन थांबत नव्हतं. प्रोसेसरची ती आज्ञा 'कायमचा थांब' अशी नाहीच. ती म्हणते, 'कोणी हाक मारेपर्यंत थांब'. आणि मशीनमधला टायमर, कोणी बदलला नसेल तर, सेकंदाला सुमारे १८ वेळा हाक मारत असतो. म्हणजे माझं मशीन थांबायचं, एका सेकंदाच्या अठराव्या हिश्शात जागं व्हायचं आणि पुढे जाऊन पडायचं. मी समजत होतो दोष मागच्या भागात आहे. आधी 'हाका ऐकू नको' आणि मग 'थांब', अशा दोन आज्ञा द्याव्या लागतात. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. पण इंटेलचं मॅन्युअल हजारो पानांचं आहे. त्यात एका वाक्याने तुमची रात्र वाचते, फक्त ते वाक्य कोणत्या पानावर आहे हे रात्र गेल्यावर कळतं.

पाहिलं की पळणारी चूक

दुसऱ्या आठवड्यात मी चुकीच्या जवळ पोचलो. साधारण दोनशे ओळींत ती होती. मी विचार केला, आता प्रत्येक टप्प्यावर पडद्यावर एक अक्षर छापू, म्हणजे कुठपर्यंत पोचलो ते दिसेल. अक्षरं छापणारा भाग जोडला, मशीन चालू केलं, आणि ते चाललं! पुन्हा सुरू होणं बंद. गावाचं नाव पडद्यावर. मी खुर्चीतून उठलोच. मग छापणारा भाग काढला. पुन्हा तेच, काळा पडदा आणि पुन्हा सुरू.

मंडळी, या कामातली सगळ्यांत मोठी चीड हीच. दुरुस्त झालं, पण काहून झालं ते माहीत नाही. मी काही केलंच नव्हतं, फक्त पाहायला गेलो होतो. डॉक्टर आला की दुखणं थांबतं, डॉक्टर गेला की सुरू, तसं. मोह होतो की छापणारा भाग तसाच ठेवावा आणि शाळेत जाऊन दाखवून यावं. मिलमध्ये असं करणारे लोक मी पाहिले आहेत. रिले ट्रिप होतो म्हणून रिलेच बायपास करतात. मग एक दिवस मोटार जळते. म्हणून मी ते केलं नाही.

तीन दिवसांनी, भोंगा वाजून पाळी सुटत असताना, डोक्यात उजेड पडला.

'सी' नावाच्या भाषेत एक नियम आहे. प्रोग्रामभर वापरायच्या ज्या संख्यांना तुम्ही सुरुवातीची किंमत दिली नाही, त्या शून्य धरल्या जातात. हा नियम सगळे शिकतात. पण त्या शून्य करतं कोण? साध्या प्रोग्राममध्ये ऑपरेटिंग सिस्टीम आणि भाषेसोबत येणारा सुरुवातीचा कोड ते काम आपल्या नकळत करतात. मी स्वतःच ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होतो, तेव्हा ते काम माझं होतं. आणि मी ते केलंच नव्हतं.

मग घरी शंभर वेळा कसं चाललं? कारण एम्युलेटरमधली मेमरी मुळात कोरी असते, सगळीकडे शून्य. खऱ्या मशीनच्या मेमरीत चालू होताना कचरा असतो. काही बायोसने मागे ठेवलेला, काही चिपमध्ये जो उभा राहील तो. माझ्या प्रोग्राममध्ये कीबोर्डची किती बटणं वाट पाहत आहेत याची एक मोजणी होती. ती शून्यापासून सुरू व्हायला हवी होती. खऱ्या मशीनवर ती कचऱ्यापासून सुरू होत होती. प्रोग्राम त्या मोजणीच्या भरवशावर नसलेल्या जागी लिहायला जायचा, आणि तिन्ही दारं बंद. छापणारा भाग जोडला की सगळ्या वस्तू मेमरीत थोड्या पुढे सरकायच्या, मोजणी दुसऱ्या खणात जायची, आणि त्या खणात योगायोगाने शून्य असायचं. म्हणून चालायचं.

दुरुस्ती केवढी? चार ओळींची. या जागेपासून त्या जागेपर्यंत सगळं पुसून शून्य कर. भाड्याच्या घरात शिरल्यावर आधी झाडून घ्यायचं, एवढंच. तीन आठवडे आणि चार ओळी. घरी सांगितलं, "सापडलं!" उत्तर आलं, "मग आता झालं का?"

जुनं ओझं

कधी कधी चूक आपली नसते, चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणाची तरी सोय असते. एक नमुना सांगतो, कारण तो मला फार आवडतो आणि फार छळतोही.

१९७८ साली इंटेलचा ८०८६ प्रोसेसर आला. त्याला मेमरीचा पत्ता सांगायला २० तारा होत्या, म्हणजे एक मेगाबाइटपर्यंत पोच. पत्ता त्याहून थोडा मोठा झाला तर तो फिरून शून्यावर यायचा, जसा गाडीचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो. काही प्रोग्राम या फिरण्यावर अवलंबून राहिले. १९८४ मध्ये आयबीएमचा पीसी-एटी आला. त्यातल्या ८०२८६ ला २४ तारा होत्या, पत्ता फिरेना, ते जुने प्रोग्राम बिघडणार असं दिसलं. मग इंजिनिअरांनी एकविसाव्या तारेवर एक फाटक बसवलं. तारा शून्यापासून मोजतात म्हणून तिचं नाव ए-२०. फाटक बंद असलं की मशीन जुन्यासारखं वागतं. आणि हे फाटक उघडायची चावी कुठे ठेवली? कीबोर्डच्या चिपमध्ये. कारण तिची एक पिन रिकामी होती!

त्यानंतर कित्येक दशकं, मोठी मेमरी वापरायची तर आधी कीबोर्डच्या चिपला विनंती करायची, हे पीसीच्या नशिबी आलं. फाटक उघडायला विसरलात तर दर दुसरा मेगाबाइट आधीच्या मेगाबाइटचीच सावली असतो. इथे लिहिता आणि तिथलं पुसलं जातं. आपल्याकडे शेताच्या बांधावरून वहिवाटीची वाट जाते ना, आजोबांनी कोणाला तरी बैलगाडी नेऊ दिली होती म्हणून, तशी ही वाट. तोडता येत नाही, आणि नवीन माणसाला ती का आहे ते कळत नाही.

'तिरोडा' लिहिताना

आता शाळेतली दुसरी खेप. मशीन व्यवस्थित चालू झालं, एकदाही पडलं नाही. पडद्यावर गावाचं नाव आलं. मी पोरांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, वेलांटी 'र'ला लागली आहे." बघतो तर खरंच. पहिल्यांदा 'त', मग वेलांटी, मग 'र'. 'तिरोडा'चं 'तरिोडा' झालेलं. घरी दुरुस्तीच्या आनंदात मी अक्षरं नीट वाचलीच नव्हती. आपल्या गावाचं नाव आपल्याच डोळ्यांनी आपण वाचत नाही, ओळखतो फक्त.

हे का झालं ते समजून घ्या, कारण याचा संबंध तुमच्या-माझ्या नावाशी आहे.

आपण बोलताना आधी 'त्' म्हणतो, मग 'इ'. लिहिताना मात्र ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो, किंवा निदान डावीकडे काढतो. मग संगणकाने कोणता क्रम ठेवायचा? जुन्या मराठी टाइपरायटरवर दिसण्याचा क्रम होता, आधी वेलांटी मारायची, मग अक्षर. इथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांनी ३० शब्दांची परीक्षा दिली त्यांच्या बोटांना हे अजून आठवत असेल. डीटीपीच्या दुकानातला क्रुतिदेव फॉन्टही त्याच वळणाचा. त्यात 'तिरोडा' टाइप केलं तर फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी एफ, आर, जे, के, एस, कॅपिटल एम आणि के एवढीच अक्षरं असतात. फॉन्टने फक्त त्यांना मराठी मुखवटा घातलेला. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मुखवटा गळतो, आणि अर्जाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. हा अनुभव इथे अनेकांना असेल.

दुसरा रस्ता बोलण्याच्या क्रमाचा. तो आपल्या देशात फार लवकर शोधला गेला. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिपींवर काम सुरू झालं, मोहन तांबे त्यातले एक प्रमुख. पुढे पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक स्थापन झालं आणि ते काम 'जिस्ट' या नावाने तिथे वाढलं. सीडॅक म्हणजे ज्यांनी १९९१ मध्ये परम ८००० महासंगणक तयार केला ते. त्याचे तेव्हाचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. जिस्टचं एक कार्ड साध्या पीसीच्या आत बसवलं की फक्त इंग्रजी जाणणाऱ्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. म्हणजे माझ्या दोन तासांच्या हौसेचा प्रश्न त्या लोकांनी तेव्हाच्या मशीनवर, त्या तुटपुंज्या मेमरीत सोडवला होता. हे कळल्यावर माझी तक्रार करायची हिंमत कमी झाली.

१९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरलं. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवायची आणि दाखवताना दिसण्याच्या क्रमाने मांडायची, अशी विभागणी आहे. युनिकोडने देवनागरीसाठी हीच पद्धत घेतली. मोबाइलवर आज आपण मराठी लिहितो ती यावरच उभी आहे. साठवणं शहाणपणाचं झालं, पण मांडण्याचं ओझं खालच्या थरावर आलं. वेलांटी दिसली की तिला उचलून मागच्या अक्षराच्या डावीकडे न्यायचं. 'शक्ति' असेल तर नुसत्या 'त'च्या नाही, अख्ख्या 'क्त'च्या डावीकडे. 'वर्ग'मधला 'र' उडी मारून 'ग'च्या डोक्यावर बसवायचा. आणि मराठीचा खास मामला, 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं की 'आचाऱ्यांना', यावर जेवणावळीचं भवितव्य ठरतं. दोन्हीकडे 'र' आणि 'य'च आहेत. म्हणून युनिकोडमध्ये त्या अर्ध्या, आडव्या 'ऱ्'साठी वेगळा 'ऱ' वापरावा लागतो. इंग्रजी छापायला मला एक संध्याकाळ लागली होती. आपल्या भाषेतलं गावाचं नाव नीट छापायला पाच महिने.

तिसऱ्या खेपेला वेलांटी जागेवर होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, आमची नावं टाका. टाकली. मेश्राम आलं, बिसेन आलं, उईके आलं. एका मुलीचं आडनाव रहांगडाले. पडद्यावर आलं 'रहांगड' आणि पुढे एक चौकोन.

कारण पुन्हा मीच. आडनावासाठी मी २० बाइटची जागा ठेवली होती. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, २० खूप झाले असं वाटलं. पण युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. अक्षर एक, मात्रा दुसरी, अनुस्वार तिसरा. 'तिरोडा' दिसायला तीन अक्षरं, पण सहा खुणा, म्हणजे १८ बाइट. 'रहांगडाले' नऊ खुणा, २७ बाइट. २० बाइटमध्ये सहा खुणा पूर्ण बसल्या आणि सातवीचे दोनच तुकडे. तो चौकोन म्हणजे तुटलेल्या खुणेचा अवशेष.

ती मुलगी काही बोलली नाही. फक्त चौकोनाकडे पाहत राहिली. मंडळी, माझा शाळेतला खेळ होता, दुसऱ्या दिवशी जागा वाढवून मी तिचं नाव पूर्ण केलं. पण हीच चूक ज्या यंत्रात कोणी दुरुस्त करायला जात नाही, तिथे काय होतं? कागदावर नाव एक आणि यंत्रात दुसरं. मग दोन नावं एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करायला माणसाने हेलपाटे मारायचे. कोणीतरी, कुठेतरी, '२० पुरेल' असं ठरवलेलं असतं. त्याने कधी रहांगडाले हे आडनाव ऐकलेलं नसतं. म्हणून माझं मत असं झालं आहे की ज्यांच्या गावात अशी आडनावं आहेत, त्यांच्यातल्या काही जणांनी पॅनेलचं दार उघडून आत डोकं घालायला शिकलं पाहिजे.

दोन प्रश्न

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांपैकी दोन इथे देत आहोत.)

प्रश्न : जगात तयार ऑपरेटिंग सिस्टीम आहेत, फुकटही मिळतात. मग तुम्ही याचा फायदा का पाहता जी?

उत्तर : हो जी, बरोबर विचारलंत. माझी सिस्टीम कोणी वापरणार नाही, मीही रोजच्या कामाला वापरत नाही. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानेही आपली सिस्टीम हौस म्हणूनच सांगितली होती, तिचं पुढे लिनक्स झालं. माझं तसं काही होणार नाही. पण मिलमध्ये मोटार बंद पडली की मालक म्हणतो 'खराब झाली', आणि मी म्हणतो 'बघू, कुठे'. हौसेने मला संगणकाच्या बाबतीत 'खराब झाला' म्हणणं सोडायला लावलं. आता मी म्हणतो, 'बघू, कुठे'. एवढा फायदा मला पुरतो.

प्रश्न (एक विद्यार्थी) : सर, मला सुरू करायचं असेल तर पहिली चूक कोणती टाळू?

उत्तर : टाळू नकोस. ५१२ बाइट लिही, शेवटी ५५ आणि एए टाक, आणि पडद्यावर एक अक्षर आण. एम्युलेटरवर चाललं की त्याच आठवड्यात खऱ्या जुन्या मशीनवर चालव, माझ्यासारखं शंभर वेळा घरात चालवून वर्गात जाऊ नको. काय केलं आणि काय झालं ते वहीत लिहून ठेव, कारण रात्री एकला डोकं खोटं बोलतं. आणि पहिलं अक्षर इंग्रजी 'ए' आणलंस तरी चालेल, पण दुसरं तुझ्या नावातलं आण. तिथून खरी कटकट सुरू होते.